साबुदाण्यात ताकद किती? एका वाटी खिरीत नेमकं काय असतं

बाळ सहा महिन्यांचं झालं की साबुदाण्याची खीर, घरात कुणी तापातून उठलं की साबुदाण्याची खीर, आणि एकादशी, चतुर्थीला तर खिचडी ठरलेलीच. "साबुदाणा खा, ताकद येईल," असं घराघरांत म्हटलं जातं. यातलं खरं किती?

साबुदाणा हे धान्य नाही. शेतात त्याचं कणीस लागत नाही. कसावा नावाच्या कंदापासून तो बनतो. हा कंद तामिळनाडूत सेलमच्या भागात मोठ्या प्रमाणावर पिकतो आणि तिथेच साबुदाण्याचे कारखाने आहेत. कंद सोलून, दळून, त्याचं दूध गाळून टाक्यांत निवळत ठेवतात. तळाशी बसलेल्या पांढऱ्या पिठूळ भागाचे गोल दाणे करून, भाजून वाळवतात. कंदात जे थोडंफार सत्त्व असतं, त्यातलं बरंचसं चोथ्यात आणि पाण्यात निघून जातं. मागे उरतो तो जवळजवळ निव्वळ स्टार्च.

त्यामुळे १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी आणि ८८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. प्रथिनं मात्र अर्धा ग्रॅमसुद्धा नाहीत. तेवढ्याच तांदळात ती सुमारे ७ ग्रॅम, बाजरीत १० ते ११ ग्रॅम असतात. कॅल्शियमचं बघा, साबुदाण्यात सुमारे २० मिलिग्रॅम, तर नाचणीत ३४० च्या पुढे.

म्हणजे साबुदाणा वाईट का? तसं नाही. तो पचायला हलका आहे, लगेच ऊर्जा देतो. जेवण जात नसलेल्या आजारी माणसाला पातळ खीर दोन दिवस चालते. पण ऊर्जा वेगळी आणि अंग भरणं वेगळं. हाड, स्नायू, रक्त यांना जे लागतं ते साबुदाण्यात नाही, ते सोबतच्या जिनसांतून येतं.

खिरीचंच घ्या. २५ ग्रॅम साबुदाणा २०० मिली गाईच्या दुधात शिजवला, तर वाटीत सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं येतात, आणि ती सगळी दुधाची. तीच खीर पाण्यात शिजवून वर साखर घातली, तर लेकराच्या पोटात स्टार्च आणि साखर एवढंच जातं. दूध सगळं डेअरीला घालून पोराला पाण्यातली खीर, असं अनेक घरांत चालतं. निदान एक कप दूध घरात ठेवावं, दुधाच्या पगारात त्याने फार फरक पडत नाही.

सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधासोबत मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं द्यावं. साबुदाणा अधूनमधून ठीक, रोजचं मुख्य अन्न म्हणून नको. आणि दिलाच तर पूर्ण शिजवून, घोटून द्या. अख्खा चिकट दाणा लहान बाळाच्या घशात अडकू शकतो.

खिचडीत दाण्याचं कूट घालणारी आपली पद्धत मात्र फार शहाणपणाची. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. कूट सढळ हाताने घाला, सोबत दही किंवा ताक घ्या. तेल-तूप तेवढं आवरा, कारण शेंगदाण्यात स्निग्धांश आधीच भरपूर असतो. उपवासाला राजगिरा आणि भगरही आहेतच, राजगिऱ्यात तर १०० ग्रॅमला १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात.

शुगर असलेल्यांनी जास्त जपावं. साबुदाण्यात तंतू अगदी कमी, त्यामुळे रक्तातली साखर झपाट्याने चढते. त्यात सकाळपासून उपाशी राहून संध्याकाळी ताटभर खिचडी खाल्ली, तर आधी साखर उतरते आणि मग एकदम वाढते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.