अठरा खुंट्या, एक कपाट

नाशिकमध्ये कुणी म्हणालं की ‘उद्या गोल्फ क्लबवर सभा आहे’, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मंडप आणि कर्णे येतात, पांढरा चेंडू येत नाही. त्या मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात आणि पहाटे चालायला गर्दी होते. गोल्फ मात्र नावापुरतं उरलंय. मीही त्याच पंथातला: गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही, पुढे धरेन असंही नाही. मला नाद आहे तो गोल्फची मैदानं कशी आखावीत यावरच्या पुस्तकांचा. खेळणाऱ्यांना हे सांगितलं की ते हसतात. न खेळणारे तर आणखीच हसतात.

पण थोडा विचार करा. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्ड. कुणी ‘कबड्डीचं मैदान आखण्याची कला’ असं पुस्तक लिहायला बसलं तर ते अर्ध्या पानात संपेल. गोल्फमध्ये जमिनीवर मोजून ठरवलेली गोष्ट एकच, ती म्हणजे शेवटचं भोक. त्याचा व्यास सव्वाचार इंच. बाकी लांबी, रुंदी, चढ-उतार, वाळूचे खड्डे, पाणी, वळणं, सगळं आखणाऱ्याच्या मर्जीवर. नियमांनी इतकी मोकळीक ठेवल्यावर वाद होणार, आणि वाद झाले की पुस्तकं निघणार.

तरीही ती फार उशिरा निघाली. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू मारत बसत. ते कायदे १५६६ साली छापले गेले, म्हणून छापील गोल्फची सुरुवात सूचीकार तिथून धरतात. निव्वळ गोल्फवरचं पहिलं पुस्तक १७४३ चं, एडिंबरोच्या थॉमस मॅथिसनचं ‘द गॉफ’. तेही वीररसाची गंमत करणारं काव्य. मैदान आखावं कसं याबद्दल मात्र त्यानंतर दीडशे वर्षं कुणी पुस्तक लिहिलं नाही.

कारण आखायचं असं काही नव्हतंच. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधल्या, नांगराला नालायक अशा वाळूच्या उंचवट्यांच्या पट्ट्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. खारा वारा, बुटकं चिवट गवत, ते खुडून खुडून आखूड ठेवणाऱ्या मेंढ्या आणि ससे. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्यांनी उकरलेले खळगे पुढे ‘बंकर’ झाले असं सांगतात. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान कुणा एकाने आखलेलं नाही. ते पायांनी आणि पावसाने झालं. तिथल्या मंडळींनी १७६४ साली काही छोटी ‘होल्स’, म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचे टप्पे, एकत्र केली, बावीसची अठरा झाली, आणि तोच आकडा पुढे जगभर गेला. पुढच्या शतकात तिथला नामांकित खेळाडू ओल्ड टॉम मॉरिस गावोगाव बोलावणं आलं की जायचा, जागा पायांखालून घालायचा, अठरा खुंट्या ठोकायचा आणि परत यायचा. वाळू चांगली असेल तर तेवढ्यावर भागे. आपल्याकडचा पाणाड्या विहिरीची जागा दाखवतो, तसंच काहीसं.

बिघडलं ते खेळ समुद्र सोडून आत गेला तेव्हा. रेल्वे आली, लंडनभोवती क्लब निघाले, आणि चिखलट मातीत खुंट्या ठोकल्यावर लक्षात आलं की नुसत्या खुंट्यांनी मैदान होत नाही. मग वाटेत आडव्या भिंतीसारखे सरळसोट मातीचे बांध घातले गेले, घोड्यांच्या अडथळा शर्यतीत असतात तसे. चेंडू नीट बसला तर पलीकडे, नाही तर अडकला. भरीला नवा चेंडू आला. अमेरिकेच्या हॅस्केलने रबराचा ताणलेला धागा गुंडाळून केलेला हा चेंडू १९०२ साली सँडी हर्डने वापरला, ब्रिटिश ओपन जिंकलं, आणि जुनी मैदानं एकाएकी तोकडी पडली.

पहिला बोलला तो धंद्यातला माणूस. मसलबराचा विली पार्क धाकटा. बापाने १८६० सालचं पहिलं ओपन जिंकलेलं, याने स्वतः दोनदा जिंकलेलं. १८९६ साली त्याने ‘द गेम ऑफ गोल्फ’ लिहिलं. व्यावसायिक खेळाडूने लिहिलेलं हे पहिलं गोल्फचं पुस्तक. त्यात मैदान आखण्यावर आणि राखण्यावर एक प्रकरण आहे. पाच वर्षांनी सनिंगडेलच्या रेताड माळावर त्याने ते करूनही दाखवलं. समुद्र नसला तरी चालतं, वाळू हवी, हे तिथे सिद्ध झालं.

पण प्रकरण म्हणजे पुस्तक नव्हे. त्या पुस्तकांचं मूळ मला दिसतं ते वोकिंगला, एका भांडणात.

वोकिंग हा लंडनच्या बॅरिस्टर मंडळींनी १८९३ साली काढलेला क्लब. जॉन लो आणि स्टुअर्ट पेटन या दोघा सभासदांच्या हाती तिथल्या मैदानाची सूत्रं आली. चौथ्या होलच्या उजवीकडून आगगाडीचा रूळ जातो. या दोघांनी काय करावं? जिथे चांगला मारलेला चेंडू पडायचा, नेमक्या त्याच जागी, वाटेच्या मधोमध वाळूचे दोन खड्डे केले. सभासद खवळले. सरळ मारणाऱ्यालाच शिक्षा! चूक करणाऱ्यासाठी खड्डा असतो, बरोबर करणाऱ्यासाठी नव्हे. युक्तिवाद बिनतोड होता आणि करणारे वकील होते.

टॉम सिम्प्सन नावाचा एक तरुण बॅरिस्टरही तावातावाने ते खड्डे बघायला गेला. तिथे उभा राहिला आणि त्याचं मत फिरलं. खड्डे आणि रूळ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत जो चेंडू ठेवील, त्याला पुढचा फटका सोपा. जो डावीकडे सुरक्षित जाईल त्याला कठीण. म्हणजे खड्डा शिक्षा करत नव्हता, तो प्रश्न विचारत होता. युक्ती नवी नव्हती. सेंट अँड्र्यूजच्या सोळाव्या होलवर वाळू आणि रूळ यांची अशीच जोडी होती, लोने ती उचलली होती. फरक इतकाच, की तिथे ती आपोआप झाली होती आणि इथे कुणीतरी मुद्दाम केली. सिम्प्सनने पुढे वकिली सोडली आणि मैदानं आखायला लागला. लोचं ‘कन्सर्निंग गोल्फ’ १९०३ चं. मैदानामागे विचार काय असावा हे त्यात आहे, आणि पुढच्या तीस वर्षांत जे जे लिहिलं गेलं त्यातलं पुष्कळसं याच्याच पोटातून आलं. दुर्दैवाने हे पुस्तक शिफारशींच्या याद्यांत मागे राहतं. आधी बोलणाऱ्याचं असंच होतं.

मग १९२० साल उजाडलं आणि एकाच वर्षी दोन पुस्तकं आली. एक मैदानं आखणारा हॅरी कोल्ट आणि त्याचा भागीदार अ‍ॅलिसन यांच्या निबंधांचं, दुसरं डॉक्टर अ‍ॅलिस्टर मॅकेंझीचं ‘गोल्फ आर्किटेक्चर’. कोल्टची मैदानं अप्रतिम, गद्य मात्र कोरडं. हा माणूस जमिनीवर लिहायचा, कागदावर नाही. मॅकेंझीचं उलट. तो शिकला डॉक्टरी, लष्करी डॉक्टर म्हणून बोअर युद्धात गेला, आणि तिथे बोअर सैनिक जमिनीत कसे बेमालूम लपतात हे बघून आला. तीच नजर त्याने बंकर बनवायला वापरली. माणसाने केलेलं निसर्गाने केल्यासारखं दिसलं पाहिजे, हा त्याच्या तेरा सूत्रांचा गाभा. पुस्तक अगदी छोटं आणि भाषा ठासून बोलणारी. मैदानावर फिरण्याने लोकांची तब्येत सुधारते, असं हा डॉक्टर इतक्या खात्रीने सांगतो की आपल्यालाही उठून चालायला जावंसं वाटतं.

पुढची दहा वर्षं सुगीची. त्या दशकात जे लिहायला आले त्यांच्यात निव्वळ मैदानवाला जवळपास कुणीच नाही, आणि मला मजा वाटते ती याचीच. रॉबर्ट हंटर हा समाजवादी. अमेरिकेतल्या गरिबीवर १९०४ साली ‘पॉव्हर्टी’ लिहिणारा, १९१० साली गव्हर्नरपदासाठी उभा राहिलेला. त्याने १९२६ साली ‘द लिंक्स’ लिहिलं आणि मॅकेंझीबरोबर कॅलिफोर्नियात सायप्रस पॉइंटही उभं केलं. गरिबीपासून गोल्फपर्यंतचा हा प्रवास मला अजून नीट उलगडलेला नाही. जॉर्ज थॉमस हा फिलाडेल्फियाच्या बँकवाल्या घराण्यातला, गुलाबांचा नादी. गुलाबांवर पुस्तकं लिहून झाल्यावर १९२७ साली त्याने ‘गोल्फ आर्किटेक्चर इन अमेरिका’ लिहिलं. आकृत्या, फोटो, तपशील यांत त्याच्या जवळपास कुणी जात नाही. हात मातीत घातलेल्या माळ्याचं पुस्तक आहे ते. १९२८ साली चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्डचं ‘स्कॉटलंड्स गिफ्ट’ आलं. १८७२ साली पोरवयात सेंट अँड्र्यूजला शिकायला गेलेला हा शिकागोचा गृहस्थ. परत येऊन त्याने स्कॉटलंडची नामांकित होल्स नमुने म्हणून उचलली आणि लाँग आयलंडवर नव्याने मांडली. त्यातल्या ‘रेडान’चं नाव थेट क्रिमियाच्या युद्धातल्या किल्लेबंदीवरून आलेलं. पुस्तक आत्मप्रौढीने काठोकाठ भरलेलं आहे. वाचनीयही आहे, बहुधा त्यामुळेच. आणि १९२९ साली आपल्या सिम्प्सनसाहेबांनी वेदरेडबरोबर ‘द आर्किटेक्चरल साइड ऑफ गोल्फ’ काढलं. भाषेची ऐट बघायची तर ती इथे.

त्याच वर्षी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. मग मंदी, मग युद्ध. मैदानं बुजली, मोडली. मॅकेंझीने १९३३च्या सुमारास दुसरं पुस्तक लिहून ठेवलं, नामांकित गोल्फपटू बॉबी जोन्सची प्रस्तावनाही मिळवली, पण छापणार कोण? १९३४च्या जानेवारीत तो गेला. त्याने जोन्सबरोबर आखलेल्या ऑगस्टाच्या मैदानावरची, पुढे ‘मास्टर्स’ म्हणून गाजलेली, पहिली स्पर्धा झाली ती त्याच मार्चमध्ये. हस्तलिखित घरात पडून राहिलं. युद्धानंतर मैदानं पुन्हा होऊ लागली ती बुलडोझरने. बुलडोझरवाल्याला जमीन वाचायची गरज पडत नाही, तो ती बदलूनच टाकतो. जुनी पुस्तकं छापायचं कुणाला कारण उरलं नाही.

इथून पुढे कथा लेखकांची राहत नाही, जमवणाऱ्यांची होते. जोसेफ मरडॉक नावाच्या अमेरिकन संग्राहकाने १९६८ साली ‘द लायब्ररी ऑफ गोल्फ’ ही सूची काढली, १७४३ ते १९६६ या काळातल्या पुस्तकांची. आपल्याकडे शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ची मराठी ग्रंथसूची केली, त्या जातीचं काम. सूची झाली की जमवणाऱ्याला कळतं आपल्याकडे काय नाही, आणि मग त्याची झोप जाते. दोन वर्षांनी मरडॉकने रॉबर्ट कुन्ट्झबरोबर संग्राहकांची संस्था काढली. पुढे रिचर्ड डोनोव्हनला जोडीला घेऊन त्याने सूची मागे १५६६पर्यंत नेली. १९८१ साली जेफ्री कॉर्निश आणि रॉन व्हिटन यांनी ‘द गोल्फ कोर्स’मध्ये कुठलं मैदान कुणी आखलं याची वंशावळच मांडली. तोवर कित्येक क्लबांना आपलं मैदान कुणाचं हेही माहीत नव्हतं.

ही पुस्तकं वाचून मैदानं करणारे निघाले, हा या कथेतला सर्वांत आनंदाचा भाग. बेन क्रेनशॉ दोनदा मास्टर्स जिंकलेला, आणि तितकाच पुस्तकांचा वेडा. त्याने बिल कूरबरोबर नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत १९९५ साली सँड हिल्स केलं, जमीन फारशी न हलवता. टॉम डोक कॉलेज संपवून १९८२ साली सेंट अँड्र्यूजला कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहत, राबला, ब्रिटनभर मैदानं बघत हिंडला. मग मित्रांना ‘कुठे जावं’ हे सांगण्यासाठी त्याने शून्य ते दहा गुण देत एक टिपण केलं. मोजक्या झेरॉक्स प्रती, मत बिनधास्त. तेच पुढे ‘कॉन्फिडेन्शियल गाइड’ म्हणून छापलं गेलं. मित्राला केलेली शिफारस म्हणजेच पुस्तक, असा हा प्रकार. मॅकेंझीचं हस्तलिखितही त्याच्या सावत्र नातवाला सापडलं आणि ‘द स्पिरिट ऑफ सेंट अँड्र्यूज’ १९९५ साली, तब्बल साठ वर्षांनी, छापून आलं. त्या सुमाराला मिशिगनच्या स्लीपिंग बेअर प्रेसने थॉमस, हंटर ही मंडळीही पुन्हा छापली.

यात लिडोचा किस्सा सांगायलाच हवा. १९१४ साली ‘कंट्री लाइफ’ मासिकाने एका होलच्या आराखड्याची स्पर्धा घेतली. जिंकला मॅकेंझी, तेव्हा जवळपास अनोळखी डॉक्टर. मॅकडोनल्डने ते होल लाँग आयलंडच्या लिडो मैदानावर शेवटचं म्हणून बांधलं. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने जागा घेतली आणि मैदान नामशेष झालं. उरले नकाशे, फोटो आणि पुस्तकांतली वर्णनं. त्यांच्या आधारे डोकने २०२३ साली विस्कॉन्सिनमध्ये, समुद्रापासून शेकडो मैल दूर, ते मैदान पुन्हा उभं केलं.

कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, तर मी आखणाऱ्याचं पुस्तक हातात देत नाही. देतो ते बर्नार्ड डार्विनचं १९१० सालचं ‘द गोल्फ कोर्सेस ऑफ द ब्रिटिश आइल्स’. हा चार्ल्स डार्विनचा नातू, ‘टाइम्स’साठी चाळीसहून अधिक वर्षं गोल्फवर लिहिणारा. आजोबांनी प्राण्यांच्या जाती बघितल्या, नातवाने मैदानांच्या, तितक्याच निवांतपणे. तो काही शिकवत नाही, हिंडवतो. त्यानंतर मॅकेंझीचं छोटं पुस्तक, मग थॉमस, आकृत्यांवर बोट ठेवत. मॅकडोनल्ड रविवारी दुपारी. लो शेवटी, म्हणजे आधीच्या सगळ्यांनी काय उचललं ते दिसतं.

वाचायला पुनर्मुद्रण पुरतं. जुन्या प्रतीचा मोह झालाच, तर डार्विनच्या बाबतीत एक सांभाळावं. त्यात हॅरी राउंट्रीची रंगीत चित्रं आहेत, आणि चित्रांच्या पुस्तकांची चित्रं कापून फ्रेममध्ये विकणारे सगळीकडे असतात. पैसे देण्याआधी चित्रं मोजून घ्या.