बिसिनोसिस

कापूस, फ्लॅक्स किंवा हेंप यांची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने होणारा श्वसनमार्गाचा व्यावसायिक रोग. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे व दम लागणे, ही त्याची ओळख. सुट्टी रविवारी असेल, तर त्रास सोमवारी होतो.

कारणे : गिरणीत सर्वाधिक धूळ ब्लो-रूम व कार्डिंग या खात्यांत उडते. तेथे गाठी फोडून रुई मोकळी करतात, साफ करतात व पिंजतात. विणकाम खात्यात धूळ त्या मानाने कमी. दोष तंतूचा नसून रुईत राहिलेल्या पाने, देठ व बोंडाच्या चुऱ्याचा असतो. या चुऱ्यावर वाढणाऱ्या ग्रॅम-ऋण जीवाणूंचे एंडोटॉक्सिन हे मुख्य कारण मानतात. इतर घटकांच्या वाट्याविषयी मतभेद आहेत.

विकृतिक्रिया : एंडोटॉक्सिनमुळे वायुकोशांतील भक्षकपेशी उद्दीपित होतात, श्वासनलिकांत न्यूट्रोफिल पेशी जमतात आणि नलिका आकुंचन पावतात. सलग काम चालू असता शरीराला धुळीची काहीशी सवय होते. सुट्टीत ती मोडते. म्हणून सोमवारचा त्रास मंगळवार-बुधवारी ओसरतो. व्यावसायिक दम्यात बहुधा उलट घडते : आठवडा सरत जाईल तसा त्रास वाढतो व सुट्टीत बरे वाटते. रोग्याला ‘त्रास केव्हा होतो?’ एवढेच न विचारता ‘कोणत्या वारी?’ हेही विचारावे.

निदान व श्रेणी : रिचर्ड शिलिंग यांनी १९५०च्या दशकात लँकशरच्या गिरणी कामगारांची पाहणी करून लक्षणांवर आधारित श्रेणी ठरवल्या. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना फुप्फुसकार्याच्या मोजमापाची जोड दिली. पहिल्या सेकंदातील जोरकस उच्छ्वासाचे आकारमान (एफईव्ही-१) सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीपूर्वी व पाळीनंतर मोजतात. त्यातील घट ५ ते १० टक्के असल्यास परिणाम सौम्य, १० ते २० टक्के असल्यास मध्यम व त्याहून अधिक असल्यास तीव्र समजतात. सकाळी २.८ लिटर भरलेले माप पाळी सुटताना २.४ लिटर आले, तर घट सुमारे १४ टक्के, म्हणजे मध्यम. गुरुवारी केलेल्या चाचणीत हीच घट निसटू शकते. छातीच्या क्ष-किरण चित्रात या रोगाचे खास असे बदल दिसत नाहीत; सिलिकोसिसप्रमाणे तंतुमय गाठी होत नाहीत.

दीर्घकालीन अवस्था : काही कामगारांत श्वासनलिकांचा अवरोध कायमचा होतो व सोमवारचे वैशिष्ट्य पुसले जाते. धूम्रपानाने हानी वाढते. या टप्प्यावर दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसरोगापासून बिसिनोसिस वेगळा काढणे अवघड असते.

उपचार : धुळीपासून दूर करणे, श्वासनलिका-विस्फारक औषधे.

प्रतिबंध : यंत्रांवर धूळ शोषणारी यंत्रणा, तोंडाला मास्क, धूम्रपानबंदी व नियमित तपासणी. अमेरिकेने १९७८ मध्ये सूतनिर्मितीसाठी हवेतील कापूसधुळीची मर्यादा ८ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम ठरवली.

भारतातील स्थिती : मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. गिरणगावातच असलेल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून या रोगाचा व दीर्घकालीन अवरोधी रोगाचा फरक तपासला. हा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी गिरणी संप झाला आणि नंतर बहुतेक गिरण्या बंद पडल्या. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनेही या रोगाच्या पाहण्या केल्या आहेत. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा रोग पुढे समाविष्ट झाला. भरपाईसाठी व्यवसायाचा पुरावा लागतो. म्हणून केसपेपरवर नुसते ‘निवृत्त’ न लिहिता गिरणीतील खाते आणि नोकरीची वर्षे नोंदवावीत.