शेवटचा क्रमांक आणि पेशींचे तारुण्य



१९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. मागे राहिलेल्याला संधी मिळाली तर तो पुढे येतो, हा त्यामागील विश्वास होता. बरोबर शंभर वर्षांनी विज्ञानाने शरीरातील पेशींविषयी असेच काहीसे सिद्ध केले. तो इतिहास आपण सर्वांनी जाणून घेण्यासारखा आहे.

आपले शरीर एकाच पेशीपासून घडते. तिच्यापासून त्वचेच्या, रक्ताच्या, मेंदूच्या पेशी तयार होतात. एकदा त्वचेची झालेली पेशी अखेरपर्यंत त्वचेचीच राहणार, तिला मागे फिरता येणार नाही, असा समज फार काळ होता.

१९६२ साली इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी या समजाला धक्का दिला. बेडकाच्या अंड्यातील केंद्रक निकामी करून त्यांनी तेथे बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक घातले. अशा काही अंड्यांतून पोहणारे बेडूकमासे तयार झाले! हेच गर्डन १९४९ साली शाळेत जीवशास्त्रात २५० मुलांत शेवटचे आले होते. यांनी शास्त्रज्ञ होण्याचा विचार करणे हास्यास्पद आहे, असा शेरा शिक्षकांनी मारला होता.

पुढे २००६ साली जपानच्या क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका यांनी अवघ्या चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या त्वचेतील पेशी गर्भावस्थेतील पेशींसारख्या करून दाखविल्या. हे गृहस्थही आधी शस्त्रक्रियेत हात बसत नाही म्हणून संशोधनाकडे वळलेले! २०१२ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र पेशीला पार मागे नेले तर ती आपले कामच विसरते आणि शरीरात गाठी होऊ शकतात. म्हणून मधला मार्ग निघाला. ही जनुके थोडाच वेळ चालू ठेवायची, म्हणजे पेशीची ओळख टिकते आणि वार्धक्याच्या खुणा पुसट होतात. २०१६ साली अमेरिकेतील साल्क संस्थेत अकाली म्हातारे होणारे उंदीर या उपायाने अधिक जगले. २०२० साली हार्वर्डमध्ये तीन जनुके वापरून उंदरांची गेलेली दृष्टी काही अंशी परत आणली गेली. हे प्रयोग उंदरांवरचे होते, हे ध्यानात ठेवून चिरतारुण्याच्या जाहिरातींपासून सावध राहावे.

पालकहो, एका परीक्षेत गुण कमी पडले म्हणून मुलाला दुकानावर बसवू नका, मुलीची शाळा बंद करू नका. पेशींवर संशोधन करणारे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आपल्या पुण्यातच आहे. आज मागच्या बाकावर बसणारे आपले एखादे मूल उद्या तेथे काम करील, इन्शाअल्लाह. पेशीलाही दुसरी संधी मिळते. मग आपल्या लेकरांना ती का नाकारावी?