काटा येण्याआधी : आर्टिचोक, करडई आणि उदगीरचे रान

युल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘हाथीचक’ असा एक गमतीचा शब्द नोंदलेला आहे. साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्यांनी आणि नोकरांनी ‘आर्टिचोक’ला दिलेले हे देशी रूप. शब्द असा आपल्या तोंडात रुळला, भाजी मात्र बंगल्याच्या कुंपणाबाहेर फारशी आली नाही. उदगीरकडच्या चुलीवर आर्टिचोक कधी शिजला नाही. त्याची चुलत बहीण मात्र पिढ्यानपिढ्या शिजत आली. ती म्हणजे करडई.

हे नाते मी ओढूनताणून जोडत नाही. दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातल्या, आणि त्यातल्याही काटेरी शाखेतल्या. आपल्या बांधावरचा उंटकटाराही याच गोतावळ्यातला. दोघींच्या युरोपीय नावांवर अरबीची छाप आहे. ‘अल्-खर्शूफ’पासून स्पॅनिश ‘अल्काचोफा’ आणि पुढे ‘आर्टिचोक’. तर करडईच्या ‘कार्थामस’ या शास्त्रीय नावामागे अरबी ‘कुर्तुम’ आहे. आपल्याकडे संस्कृतातला ‘कुसुंभ’ कानडीत ‘कुसुबे’ झाला. उदगीर तालुका 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, त्यामुळे करडई आणि कुसुबे हे दोन्ही शब्द एकाच बाजारात ऐकू येणे इथे नवलाचे नव्हते.

आर्टिचोक घरी शिजवणे म्हणजे निम्मे काम सुरीचे. न उमललेला कळा घ्यायचा, बाहेरचे राठ दल काढून टाकायचे, टोके छाटायची, काप काळा पडू नये म्हणून लिंबू चोळायचे आणि अर्धा-पाऊण तास उकडायचे. मग एकेक दल ओढून त्याच्या बुडाचा गर दातांनी खरवडून खायचा. शेवटी मऊ बुंधा हाती लागतो, पण त्याच्यावरचा केसाळ गुंता आधी खरवडून फेकावा लागतो. हा गुंता म्हणजे न उमललेली फुले. एवढा खटाटोप करून पदरात पडते ते मूठभर.

पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीला या कुळातल्या भाज्यांच्या शौकाचा रागच होता. कार्थेज आणि कोर्दोबाकडे छोट्या वाफ्यांतून सहा हजार सेस्टर्स उत्पन्न निघते असे तो सांगतो, आणि ज्याला सगळी चतुष्पाद जनावरे टाळतात ते आपण मुद्दाम पेरून खातो, अशा अर्थाची चिडचिड करतो. श्रीमंतांच्या जिभेवरचा हा शेरा उदगीरच्या रानात आणून पाहिला की त्याचा अर्थच फिरतो. जनावरे टाळतात, म्हणूनच तर आमच्याकडे करडई पेरली जाई.

रब्बी ज्वारीच्या रानाला कडेने करडईची चार-सहा तासं टाकायची ही जुनी रीत. ज्वारी पोटरीत येईपर्यंत करडई काट्यावर येते. मोकळे ढोर तोंड घालायला आले की नाक ओरबाडून मागे फिरते. कुंपणही झाले आणि वर्षाचे तेलही. सोटमूळ काळ्या जमिनीत खोल जाते, त्यामुळे परतीच्या पावसाची ओल तिला पुरते. 3 फेब्रुवारी 1760 ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ती उदगीरची लढाई ऐन करडईच्या काट्याच्या दिवसांतली. त्या घोड्यांच्या पायांचे काय झाले असेल, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. बखरकारांना पडलेला दिसत नाही.

खाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते मात्र त्याआधीचे दिवस. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरलेली करडई उगवल्यावर काही आठवडे जमिनीलगत पानांचा झुबका धरून बसते. खोड वर येत नाही, पाने मऊ असतात, काटा नसतो. याच सुमारास विरळणी करायची असते, कारण दोन रोपांत 20 सेंटिमीटरचे अंतर राहिले नाही तर बोंडे धरत नाहीत. म्हणजे जादा रोप उपटावेच लागते. उपटलेले ते विरळणीला आलेल्या बायकांच्या ओट्यात जाई. दिवाळीच्या आगेमागे घरोघर करडईची भाजी दिसते ती यामुळे. माझ्या मते ही भाजी शोधून काढलेली नाही. पिकाच्या गरजेतून ती आपसूक निघाली आणि बायकांनी ती वाया जाऊ दिली नाही. सारा आणि पेठेच्या हिशेबात तेलबी मोजली जाई. उपटलेले रोप कोण मोजणार?

करायची रीत सोपी. मुळे खुडून, माती जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांत धुऊन पाला बारीक चिरायचा. मूग किंवा तुरीच्या डाळीबरोबर, नाहीतर ज्वारीच्या कण्या घालून शिजवायचा, घोटायचा आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी द्यायची. तेल अर्थात करडईचेच. चवीला किंचित उग्र, भाकरीशी मात्र अगदी जमून जाते. सीमेपलीकडे कानडी मुलखात बी वाटून त्याचे दूध काढतात आणि गव्हाच्या हुग्गीत घालतात.

आर्टिचोकवाले जी फुले खरवडून फेकतात, तीच करडईत एके काळी सर्वांत मोलाची होती. पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्याने धुऊन काढायचा, मग खार घालून लाल रंग सोडवायचा आणि आंबट घालून तो कापडावर बसवायचा. हा कुसुंबी. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तल्या वसंतात हीच वस्त्रे येतात. रंग देखणा, पण कच्चा; उन्हापाण्यात विटायचा. 1856 नंतर कृत्रिम रंग आले आणि रंगाऱ्याने करडईकडे पाठ फिरवली. तेलामुळे ती रानात टिकली.

पण पुढे तेलाचाही आधार सुटला. परदेशी पामतेल स्वस्त झाले, लाकडी घाणे बंद पडले आणि लातूर-उदगीरची खरिपाची राने सोयाबीनने भरली. सोयाबीनच्या मागून हरभरा येतो. करडईची काढणी म्हणजे हातापायाला फडकी गुंडाळून, पहाटेच्या दवाने काटे नरम असतानाच उरकायचे काम. त्याला मजूर मिळेना. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ दिले, फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले. बिनकाट्याच्या करडईने काढणी सोपी झाली हे खरे, पण मग ढोरे अडवणार कोण? कुंपणाचे काम गेले, तेव्हा बांधालगतची तासंही गेली आणि त्यांच्याबरोबर विरळणीही.

भाजी मात्र अजून मिळते. उदगीरच्या बाजारात हिवाळ्यात जी जुडी दिसते, ती पुष्कळदा खास पाल्यासाठी वाफ्यात दाट पेरलेली असते. तिला बोंड धरायचेच नसते, म्हणून विरळत कोणी नाही, सगळीच उपटतात.