कबरीतले रंगीत पहारेकरी

नवी मुंबईच्या किनाऱ्यासमोर घारापुरी. तिथल्या मुख्य लेण्यात शिवलिंगाच्या गाभाऱ्याला चारही दिशांनी दारं आहेत आणि प्रत्येक दाराशी दोन धिप्पाड द्वारपाल. हे काम सहाव्या शतकातलं. पुढच्या शे-दीडशे वर्षांत चीनमध्ये छांगआन आणि लोयांगच्या परिसरातले कुंभारही पहारेकरी घडवू लागले. पण मातीचे, काचेसारखे चकाकणारे आणि मृतांच्या रक्षणासाठी.

या मूर्तींच्या कुळाची सुरुवात भीषण आहे. चीनच्या प्राचीन शांग राजांच्या थडग्यांत जिवंत माणसांचे बळी देऊन त्यांना पुरत. हळूहळू माणसांच्या जागी लाकडाच्या आणि मातीच्या आकृत्या आल्या. १९७४ मध्ये सापडलेली छिन सम्राटाची मातीची सेना याच वाटेवरची, पण तिला काचलेप नाही, नुसते रंग होते. शिसं घातलेला हिरवा लेप हान काळात रुळला.

थांग काळात (६१८ ते ९०७) त्याला बहर आला. पांढरट मातीची मूर्ती आधी भाजायची, मग लेप देऊन कमी आचेवर पुन्हा भाजायची. लेपात तांबं असलं की हिरवा रंग, लोखंड असलं की मधासारखा पिवळा ते तपकिरी, कोबाल्ट असलं की निळा. शिशामुळे लेप लवकर वितळतो आणि रंग एकमेकांत ओघळतात. घोड्याच्या पाठीवरून उतरलेले ते ओघळ कुठल्याही कुंचल्याला जमले नसते. चेहरे मात्र बहुधा बिनलेपाचे ठेवून नंतर रंगवत, म्हणजे नाकडोळे पुसट होत नसत.

उंट, साईस, वादक, अधिकारी असा सगळा लवाजमा मृताबरोबर जाई. किती मूर्ती पुरायच्या, यावर हुद्द्याप्रमाणे सरकारी बंधनं होती. थडग्याच्या दाराशी उभे असत लोकपाल, म्हणजे दिशांचे रक्षक. ते भारतातून बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेले. चिनी कारागिरांनी त्यांना थांग सेनापतींचं चिलखत चढवलं आणि पायाखाली बैल किंवा राक्षस दिला. चिनी बौद्ध भिक्खू ह्युएन त्संग चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला, तोही याच थांग राजवटीत.

७५५ मध्ये आन लुशान या थांग सेनापतीने केलेल्या बंडानंतर हा थाट ओसरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोयांगजवळ रेल्वेसाठी खोदकाम झालं, तेव्हा या मूर्ती पुन्हा उजेडात आल्या.

७२८ मध्ये वारलेल्या ल्यू थिंगशुन या सेनापतीच्या नावाने ओळखला जाणारा असा एक संच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिकडे गेलात तर त्यातले लोकपाल चुकवू नका; ते मूळचे आपल्याकडचे आहेत.