शिस्तीचे भाषांतर : रोम ते नाशिक

दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपातील राज्यसंस्थांनी युवकांच्या शरीरावर हक्क सांगितला. त्याचे मराठी प्रदेशातील पडसाद तपासताना डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांची इटलीभेट टाळता येत नाही. पहिल्या गोलमेज परिषदेनंतर, १९ मार्च १९३१ रोजी, त्यांनी रोममध्ये लष्करी शिक्षणसंस्था, शारीरिक शिक्षणाची फॅसिस्ट अकादमी आणि बालिल्ला संघटनेचे कार्य पाहिले. त्याच दिवशी मुसोलिनीची भेट घेतली. मार्झिया कासोलारी यांनी २००० साली मुंजे यांच्या दैनंदिनीतील हा वृत्तांत चर्चेत आणला. तेव्हापासून तो बहुधा अनुकरणाचा पुरावा म्हणून वाचला जातो. हे वाचन खोटे नाही. अपुरे मात्र आहे.

बालिल्ला संघटना १९२६ च्या कायद्याने जन्मली. १७४६ साली जेनोव्हात ऑस्ट्रियन सैन्यावर दगड भिरकावणाऱ्या मुलाचे टोपणनाव तिला मिळाले. बंडखोर पोराचे नाव आज्ञापालनाच्या यंत्रणेला द्यावे, यातील विसंगती तिच्या चालकांना खटकली नसावी. आठ ते चौदा वर्षांची मुले बालिल्ला, पुढे अठरापर्यंतची आवांगुआर्दिस्ती. १९२८ पर्यंत कॅथलिक स्काउट पथकेही बंद करण्यात आली. मुलांना दुसरे मैदानच उरले नाही.

मुंजे यांच्या हाती ना कायदा होता, ना सक्ती. त्यांनी १९३५ मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उघडले, ते देणग्यांच्या बळावर. शिवाय ते स्वतः सैन्याच्या हिंदीकरणासाठी नेमलेल्या चेटवुड समितीचे सदस्य होते. म्हणजे फॅसिस्ट राज्याकडून घेतलेली प्रेरणा ब्रिटिश सैन्यातील अधिकारपदांच्या वाटेवर उभी राहिली. राज्याने घडवलेली शिस्त राज्यावाचून रुजवायची, हा खरा पेच होता. तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाला (१९१४) पडला नव्हता; आखाड्यातील शिस्त गुरूच्या धाकातून आणि तालमीच्या मातीतून येत असे.

शब्दांकडे पाहिले तर हा फरक अधिक उघड होतो. इतालियन 'दिशिप्लीना'च्या मुळाशी लॅटिनमधील शिष्य आहे. मराठीतील 'शिस्त' फारसीतून आली आणि जुन्या वापरात तिचा अर्थ बंदुकीचा नेम असाही होता. कवायतीच्या आज्ञा मात्र प्रथम इंग्रजीच राहिल्या. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने त्या संस्कृतात आणण्याचे ठरवले ते १९३९ मध्ये.