'अनुचित' आणि 'संभाव्यतः अनुचित' : वृद्धांच्या औषधयोजनेतील एका संज्ञेचा इतिहास

वयोमानानुसार औषधाची मात्रा बदलावी, हा विचार नवा नव्हे. शार्ङ्गधरसंहितेत मात्रा बालपणापासून सोळा वर्षांपर्यंत वाढवीत न्यावी, सत्तरीपर्यंत स्थिर ठेवावी आणि पुढे बालकाप्रमाणेच क्रमाक्रमाने उतरवावी, असे सांगितले आहे. पाश्चात्त्य वैद्यकाने मुलांच्या मात्रेसाठी यंग, क्लार्क इत्यादिकांच्या नावाने सूत्रे रचली. वृद्ध मात्र दीर्घकाळ 'प्रौढ' या एकाच सदरात राहिला.

या सदराची अपूर्णता १९७५ साली डायझेपाम या शामक औषधाच्या अभ्यासाने स्पष्ट झाली. विसाव्या वर्षी या औषधाचे अर्धायुष्य सुमारे २० तास, तर ऐंशीच्या सुमारास ते ९० तासांपर्यंत जाते, असे क्लॉट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले. औषध बाहेर टाकण्याची शक्ती क्षीण होते, एवढेच याचे कारण नव्हे. वृद्ध शरीरात ते अधिक पसरून राहते, हे मुख्य कारण होय. तथापि प्रयोगशाळेतील हे ज्ञान चिठ्ठीपर्यंत पोहोचले नव्हते. १९८० साली ब्रिटनमध्ये ओप्रेन या नावाने बेनॉक्साप्रोफेन हे संधिवातावरील औषध विक्रीस आले. संधिवाताचे रुग्ण बहुधा वृद्धच, आणि हे औषध त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडे. मे १९८२ मध्ये बेलफास्टच्या डॉक्टरांनी ते घेणारे पाच वृद्ध रुग्ण काविळीने दगावल्याचे प्रसिद्ध केले. ऑगस्टमध्ये परवाना स्थगित झाला.

अमेरिकेत प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला. मार्क बीअर्स व सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधील १२ वृद्धशुश्रूषागृहांतील ८५० निवाशांची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिकांना मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे मिळत होती. (आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे लहान खाजगी रुग्णालय, तेथे ते वृद्धांचे कायमचे वसतिस्थान. अमेरिकन ग्रंथ वाचताना हा भेद विसरल्यास सगळा अर्थ बिघडतो.) त्यानंतर १९९१ साली बीअर्स यांनी १३ तज्ज्ञांची मते फेऱ्याफेऱ्यांनी मागवून ३० निकष सिद्ध केले: १९ औषधे टाळावीत, आणि ११ बाबतींत मात्रा, वारंवारता अथवा कालावधी यांस मर्यादा असावी. या लेखाच्या शीर्षकात शब्द होता 'अनुचित'.

१९९७ च्या सुधारित आवृत्तीत मात्र त्याच्यामागे 'संभाव्यतः' हे क्रियाविशेषण येऊन बसले. ही केवळ शिष्टाई नव्हे. पहिली यादी शुश्रूषागृहातील निवाशांपुरती होती. दुसरी ६५ वर्षांवरील सर्वांना लागू झाली, आणि एवढ्या भिन्न प्रकृतीच्या माणसांविषयी यादीने निर्णय देणे शक्य नव्हते. 'अनुचित' हा दोषारोप आहे. 'संभाव्यतः अनुचित' ही चौकशीची सूचना आहे. दुर्दैवाने व्यवहारात क्रियाविशेषण गळून पडते. यादी तपासनिसाच्या हाती गेली की विशेषणच उरते, आणि ज्या डॉक्टराने विचारपूर्वक ते औषध दिले तोही दोषी ठरतो. तरीही यादीच नको, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही; ओप्रेनचे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

आयर्लंडमधील कॉर्क येथील अभ्यासकांनी २००८ साली या शब्दाचा दुसरा पैलू उघड केला. त्यांच्या 'स्टॉप' या भागात टाळावयाच्या ६५ बाबी होत्या. 'स्टार्ट' या भागात द्यावयास हवीत पण वगळली जातात अशा औषधांच्या २२. जे औषध दिलेच नाही तेही अनुचितच, असा याचा अर्थ. वयाकडे पाहून उपयुक्त उपचार नाकारण्याची खोडही कमी जुनी नाही.

आणखी एक शब्द फार उशिरा आला. औषध लिहून देण्याला क्रियापद केव्हापासूनच आहे. विचारपूर्वक औषध काढून घेण्याला स्वतंत्र इंग्रजी संज्ञा 'डीप्रिस्क्रायबिंग' ही २००३ साली ऑस्ट्रेलियातील वूडवर्ड यांच्या लेखाने रूढ होऊ लागली. मराठीत तिला 'औषधछाटणी' म्हणावे, तर ते कठोर वाटते; 'औषधनिवृत्ती' म्हणावे, तर रुग्णच निवृत्त झाल्याचा भास होतो. घरोघरी मात्र 'डॉक्टरांनी दोन गोळ्या बंद केल्या' असे म्हणतात, आणि तूर्त तेच पुरेसे अचूक आहे.